टाकीतलं निंदण

ट्यूबलाइट दोनदा फडफडून लागली आणि टाकीची पुढची काच अंगावर पुरळ उठावं तशी दिसली. मी चष्मा पुसला. पुरळ तसंच. जवळ गेले तेव्हा कळलं, ते तारामासे होते. करंगळीच्या नखाएवढे, राखाडी, कुणाला पाच हात, कुणाला तीन मोठे आणि दोन-तीन नुकतेच फुटलेले. आणि त्यांच्या मधून मधून मिरीच्या दाण्याएवढ्या गोगलगायी. कालपर्यंत हे सगळं दगडाखाली होतं. म्हणजे होतं हे मला माहीत होतं, पण एखादी गोष्ट दगडाखाली आहे हे माहीत असणं आणि ती काचेवर येऊन बसणं यात फरक असतो. या फरकाच्या आधारावर मी आठ वर्षं काढली आहेत. मागच्या कोपऱ्यात आमचं समुद्रफूल होतं. नावाला फूल, तसा तो प्राणीच. एरवी सकाळी बशीएवढं उघडलेलं, जांभळ्या टोकांच्या बोटांनी पाणी चाचपत असलेलं. आज ते लिंबाएवढं आखडून बसलं होतं आणि त्याच्या बुडाशी तीन तारामासे चिकटले होते. खात होते की नुसते बसले होते, कोण जाणे. मी बाही वर केली, हात पाण्यात घातला, आणि तो हात तिथेच थांबला. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सोळा वर्षं पोरांना बेडूक कापायला शिकवणारी बाई मी, आणि नखाएवढा जीव उचलायला हात पुढे जाईना. मला माझाच राग आला.

पुलगावपासून समुद्र किती लांब हे मला कुणी सांगू नये, मी तो मांडीवर घेऊन आले आहे. एक्याऐंशीच्या हिवाळ्यात आमचे विभागप्रमुख मधुकरराव कॉलेजच्या पोरांची सहल घेऊन रत्नागिरीला गेले, सोबत मी. पोरांनी शंख गोळा केले, मधुकररावांनी एका दगडासकट हे फूल उचललं. परतीच्या गाडीत समुद्राच्या पाण्याचे कॅन बाकाखाली आणि फुलाचा कॅन माझ्या मांडीवर; दर तासाला झाकण काढायचं आणि मगने पाणी वरून खाली ओतत राहायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते. समोरच्या बाकावरची म्हातारी मनमाडपासून विचारत होती, कोणत्या तीर्थाचं पाणी हो बाई? मी म्हटलं, रत्नागिरीचं. तिने हात जोडले. तेव्हापासून तीन उन्हाळे मी ही टाकी जगवली. मे महिन्यात चारी बाजूंनी ओली पोती, वीज गेली की हवेचा पंप बंद, की पुन्हा तो पाणी ओतायचा मग आणि माझा हात. आटलेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणीच घालायचं, कारण पाणी उडून जातं, मीठ उडत नाही. हे आमच्या शिपायाला, गुलाबला, शंभरदा सांगितलं तरी तो मिठाची पुडी घेऊन उभा. मधुकरराव रिटायर होऊन नागपूरला गेले तेव्हा म्हणाले, कमलाबाई, हे आता तुमच्यावर. माझ्यावर विश्वासाने काही सोपवून गेलेली माणसं दोनच. एक मधुकरराव. दुसऱ्याचं पुढे येईलच, टाळून टाळणार किती.

त्या दगडाच्या खाचेत एक तारामासा लपून आला होता. एकच. या जातीला ना जोडीदार लागतो, ना लग्न, ना मांडव. एक दिवस तो अर्धा इकडे चालू लागतो, अर्धा तिकडे, मधून फाटतो, आणि दोन्ही अर्धे आपापले उरलेले हात उगवतात. गोगलगायींनी काचेवर अंडी चिकटवली ती निराळीच. पहिल्या वर्षी मी हरखले होते, बीएस्सीच्या पोरांना भिंगातून दाखवत होते. दुसऱ्या वर्षी गुलाबने मला न सांगता मदत केली. पन्नाशीचा माणूस, मनाने चांगला. दाढीचं ब्लेड घेऊन त्याने सापडेल तो तारामासा टाकीतच चिरला आणि अर्धे तुकडे तिथेच सोडले. मी कपाळावर हात मारला तर म्हणाला, अर्धा तरी कमी झाला ना बाई. महिन्याभराने त्याच्या प्रत्येक अर्ध्याचा पुरा झाला.

त्या सकाळी अकराला प्राचार्य रूपराव आले. शेतकऱ्याघरचे, धिप्पाड, बोलायला सरळ. नाकाला रुमाल लावून त्यांनी टाकीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले की दाणागोटा देऊन देऊन तुम्ही हे गोठ्यासारखं करून ठेवलं, आता हे काढा, इथे लोखंडी कपाट येणार आहे. मी म्हटलं, साफ करते. ते म्हणाले, कधी? मी म्हटलं, पोळ्यापर्यंत. पोळ्याला अठरा दिवस होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग फुलाकडे, आणि म्हणाले, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी येतो, असंच दिसलं तर गुलाब पाणी नालीत सोडेल. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण मी हट्टी आहे. आमच्या वस्तीतून कॉलेजात जाणारी मी पहिली मुलगी, ते काय गोड स्वभावामुळे? ते गेल्यावर मी एका पाटीवर लिहून टाकीला लावलं : कोणीही काहीही टाकू नये. कारण साधा हिशेब होता. जितकं खायला, तितके पोसले जाणार. टाकीत मी आठवड्यातून दोनदा चिमूटभर सुके झिंगे टाकत असे, ते बंद. फुलाला तेवढं चिमट्याने, त्याच्या तोंडाशी धरून. संध्याकाळी जॅमच्या रिकाम्या बाटलीत एक झिंगा ठेवून ती वाळूत आडवी करायची. सकाळी गोगलगायींनी भरलेली बाटली अलगद उचलायची. तारामासे हाताने वेचायचे, एकेक, सबंध. तुकडा राहता कामा नये. वेचलेले फॉर्मॅलिनच्या बरणीत. आणि बरणीत ते मरतात, हेही स्वतःला स्पष्ट सांगायचं. वेचते म्हणायचं आणि मारते म्हणायचं नाही, असला चोरटेपणा नको.

वेचताना मला निंदण आठवायचं. मायने, माझ्या आईने, आर्वीकडच्या आमच्या गावी जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात निंदण केलं. कपाशीच्या ओळीत वाकून तण काढायचं. बायका एका रांगेत, प्रत्येकीची पात ठरलेली, विळा उजव्या हाताला, आणि मी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बाभळीच्या सावलीत, धाकट्या भावाला मांडीवर घेऊन. प्रेमदास तेव्हा दूधपिता. तो रडला की मी त्याला बोट चोखायला द्यायची आणि तो माझ्याकडे असा पाहायचा की या बोटातून दूध येणारच आहे, थोडा वेळ लागतोय एवढंच. माय ओळीच्या टोकाला पोचली की मागे वळून पाहायची आणि एखाद्या नव्या पोरीने तण वरून तोडलेलं दिसलं तर तिथेच उभं करून परत काढायला लावायची, वरून तोडलं तर दुप्पट येते बाई, मुळासकट काढ. आमची स्वतःची दोन एकर जमीन होती, नावालाच. एका वर्षी काही पिकलं नाही. मी आठ वर्षांची असेन. दोन महिने तरोट्याचा पाला उकडून खाल्ला. आणि त्या सगळ्या दिवसांत घराच्या आढ्याला शेणाने तोंड लिंपलेलं एक गाडगं टांगलेलं होतं, त्यात पुढच्या पेरणीची ज्वारी. मी त्याच्याखाली झोपायची. एकदा मी मायला विचारलं की ते काऊन नाही फोडत, तर तिने मला मारलं. माय फार मारणारी नव्हती, म्हणून लक्षात राहिलं.

आठ दिवस झाले. मी रोज सकाळी साडेसातला जाऊन वेचत होते, बाटली रोज भरत होती, बोटांची कातडी मिठाने पांढरी पडून सोलायला लागली, आणि काच तशीच. कमी होईनात. उपाशी प्राणी मंदावतो, हे तर टुकटुकीत होते. समुद्रफूल मात्र चिमट्यातला झिंगा धरीना. नवव्या दिवशी बाटलीच्या शेजारी वाळूवर गोगलगायींचा एक घोळका दिसला, हरभऱ्याएवढ्या पांढऱ्या कशावर तरी. मी ते उचललं, बोटावर चुरगाळलं. कणीक. मळलेली कणीक, गोळी केलेली. मला गुलाबचाच संशय आला आणि मी त्याला वाट्टेल ते बोलले. तो बिचारा टोपी हातात घेऊन ऐकत राहिला आणि शेवटी इतकंच म्हणाला की बाई, दुपारच्याले तुमी स्टाफरूममंधी असता तवा इथं कोन असते थे पाहा. त्याला माहीत होतं. त्याने नाव घेतलं नाही.

दुपारी इथे माय असते. मी लग्न केलं नाही. कॉलेजच्या मागेच भाड्याच्या दोन खोल्यांत मी आणि माय राहतो. गुडघे गेलेत तरी रोज साडेबाराला ती डबा घेऊन येते, प्रयोगशाळेतल्या स्टुलावर बसते, आणि तासाभराने मी आले की आम्ही दोघी जेवतो. त्या दिवशी मी स्टाफरूममध्ये गेले नाही. बेडकांच्या कपाटामागे उभी राहिले, स्वतःच्या आईवर पहारा करत. चाळीस ओलांडलेली बाई. ती आली, डबा ठेवला, पदराच्या टोकाची गाठ सोडली. गोळ्या अगोदरच वळून आणल्या होत्या. तिने काचेवरची माझी पाटी बाजूला सरकवली, ती वाचता येत नाही तिला, आणि एकेक गोळी पाण्यात सोडली, घाई न करता, दर गोळीला ओठ हलवत. मी इतक्या जवळ होते की मला ऐकू आलं.

"खाय रे सुमेध. खाय बाबू."

सुमेध म्हणजे प्रेमदासचा मुलगा. एकुलता एक. एकोणऐंशीच्या पावसाळ्यात चार दिवसांच्या तापाने गेला, पाच वर्षांचा होता. आमच्या घरातली जुनी रीत होती; लेकरू गेलं की त्याच्या नावाने नदीवर जाऊन माशांना कणकेच्या गोळ्या टाकायच्या, म्हणजे ते तिकडे उपाशी राहत नाही. मायच्या मायने केलं, मायने माझ्या आधी गेलेल्या दोघांसाठी केलं. छप्पनमध्ये दीक्षा घेतली तेव्हा बापाने घरातले देव नदीत सोडले, रितीही सोडल्या, आणि मी तर पुढे शिकून असल्या गोष्टींवर मायला किती ऐकवलं असेल, पाट्या भरतील. म्हणून ती लपून करत होती. नदीपर्यंत गुडघे चालत नाहीत. इथे पाणी आहे, पाण्यात जीव आहेत. समुद्र काय, वर्धा नदी काय, तिच्या लेखी पाणी ते पाणी. माझं पातक तिला ठाऊक नव्हतं, आणि माझ्याच टाकीत ती माझ्या पातकाला रोज जेवू घालत होती. मी कपाटामागून बाहेर आलेच नाही. ती जेवायला माझी वाट पाहत राहिली आणि मी मागच्या दाराने निघून मैदानावर उन्हात उभी राहिले.

शहात्तर साल. त्या वर्षी वरून फर्मान आलं होतं की संस्थेतल्या प्रत्येकाने नसबंदीच्या दोन केसेस आणाव्यात. माणूस म्हणत नसत, केस म्हणत. मी आठ वर्षं टेंपररी होते. कायम करायचं की काढायचं ते डिसेंबरात ठरणार होतं, आणि केसेस नसतील तर काय ठरेल ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. एक केस सहज मिळाली, शेजारचे डोमाजी, सहा मुलं, ते आनंदाने आले. दुसरी मिळेना. लोक मला पाहून दार लावून घेत. आणि अशात प्रेमदास आर्वीहून मला भेटायला आला, भुईमुगाच्या ओल्या शेंगा घेऊन. चोवीस वर्षांचा. नुकताच एसटी डेपोत लागलेला. मी त्याला चहा दिला आणि सगळं सांगितलं. त्याने एवढंच विचारलं की ताई, मंग पुढं लेकरू नाई होनार का? मी म्हटलं, एक आहे ना, आणि हवंच असलं तर परत जोडता येतं. हे मी कुठेतरी ऐकलं होतं. खरं की खोटं ते मी पाहिलं नव्हतं. तो म्हणाला, तू सांगतं म्हणजे बरोबरच असन. नसबंदीच्या शिबिराच्या तंबूत पोचल्यावर फॉर्म मी भरला. एका मुलाच्या बापाला ते घेत नव्हते, तीन लागत. हयात मुले, असा रकाना होता. मी तिथे तीन लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे. कारकुनाने कागद पाहिला, माणूस पाहिला नाही. प्रेमदासने जिथे बोट दाखवलं तिथे सही केली, आणि डिसेंबरात मी कायम झाले.

लोकांना वाटेल तो मला शिव्या देत असेल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याला त्या रकान्याचं काही माहीतच नाही. सुमेध गेल्यावर तो परत जोडायचं विचारायला एका डॉक्टरकडे जाऊन आला, तिथे नाही म्हणाले, आणि त्याने ते आपलं नशीब म्हणून खिशात घातलं. अजून दर दिवाळीला येतो, माझ्यासाठी शेंगा आणतो, वाकून पाया पडतो, आणि मी प्रोफेसर नाही, डेमॉन्स्ट्रेटर आहे, हे हजारदा सांगूनही डेपोतल्या लोकांना सांगतो की मायी बहीण प्रोफेसर हाय. त्याची बायको माझ्याकडे पाहत नाही. तिला काय कळलं असेल, कुणास ठाऊक. सांगितलं तर तो जाईल, हे मला पक्कं माहीत होतं. जगात माझी माणसं दोन. त्यातला एक जाईल. म्हणून आठ वर्षं दगड तिथल्या तिथे.

मैदानावर उभी असताना मी पहिल्यांदा टाकीचा विचार केला, माझा नाही. नऊ-दहा दिवस उरले होते. गोळ्या पडत राहिल्या तर मी जन्मभर वेचत राहीन आणि फूल मरेल. गोळ्या बंद करायच्या तर मायला सांगावं लागेल की मी पाहिलं. पाहिलं म्हटलं की सुमेधचं नाव येईल. पाच वर्षांत आम्ही दोघींनी घरात ते नाव घेतलं नव्हतं. आणि नाव आलं की मी गप्प बसू शकणार नाही, हे मला तेव्हाच कळलं. एकातून एक सुटत नव्हतं. दोन दिवस मी मायशी नीट बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी फुलाची दोन बोटं पाण्यात सुटी होऊन तरंगताना दिसली. आता मात्र पुरे झालं, असं मी मोठ्याने म्हटलं. फरशी पुसणाऱ्या गुलाबने वर पाहिलं. मी त्याला म्हटलं, झालं ते माझं चुकलं, तुम्हाला उगाच बोलले. तो म्हणाला, जाऊ द्या बाई.

साडेबाराला माय आली तेव्हा मी स्टुलाशेजारी बसलेली होते. मी तिला डबा ठेवू दिला आणि सांगितलं की माय, गोळ्या टाकू नको. तिचा हात पदराच्या गाठीवर गेला. मी रागावले नाही, रीत खरी की खोटी याबद्दल अवाक्षर काढलं नाही. फक्त तिला जवळ नेऊन भिंग हातात दिलं आणि दाखवलं : हे तारामासे, या गोगलगायी, हे गोळ्यांवर वाढतात, आणि वाढून त्या फुलाला जगू देत नाहीत. ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली की मले वाटलं सारेच खातेत, बरं होते. थोड्या वेळाने पुन्हा, जरा वाढलेल्या आवाजात, विचारलं की मंग सुमेधचं काय? मी म्हटलं, रविवारी रिक्षाने नदीवर नेते, दर रविवारी, मी स्वतः. तिने माझ्याकडे असं पाहिलं की हिला आज काय झालं. मग तिने बांगड्या कोपराकडे सरकवल्या आणि पाण्यात हात घातला.

मायची बोटं माझ्याहून शहाणी निघाली. मी चिमट्याने ओढायची, त्यात कधी एखादा हात तुटून मागे राहायचा. ती बोटाच्या पेराने आधी एका बाजूने सैल करायची, क्षणभर थांबायची, आणि तो आपणहून पकड सोडायचा. सबंध. दगड उलटायची, खाचा चाचपायची, टोकापासून टोकापर्यंत, पात धरल्यासारखी, आणि साफ झालेल्या भागाकडे परत परत वळून पाहायची. बरणीत टाकते त्यांचं काय होते, असं तिने विचारलं. मी म्हटलं, मरतात. तिने मान हलवली. शेतातही तण वाळतच घालतात, एवढंच म्हणाली. आम्ही शेजारी शेजारी उभ्या होतो, तिचा हात आणि माझा हात एकाच पाण्यात, दोन्ही सुरकुतलेले, आणि मी फॉर्मचं सांगून टाकलं. तंबू, रकाना, तीन. कायम होण्याचं. परत जोडता येतं असं म्हटलं होतं तेही. वाक्यं जुळवली नाहीत, जसं आलं तसं सांगितलं, आणि सांगताना रडले नाही, कारण रडले असते तर तिने मला जवळ घेतलं असतं.

तिचा हात पाण्यातच होता. पंपाचे बुडबुडे तिच्या बोटांमधून वर येत होते. मी तिच्या तोंडाकडे पाहू शकले नाही, हाताकडेच पाहत होते. तो हात हळूच बाहेर आला, पदराला पुसला गेला.

"कितीबी वाईट साल असलं तरी बियाचं गाडगं कोनी फोडत नाई, कमले," ती म्हणाली. "लोकाचं त नाईच नाई. तुया तर भाऊ होता."

तिने डबा उचलला, न उघडलेला, आणि दाराशी जाऊन थांबली.

"मले सांगून हलकी नको होऊ. त्याले सांग."

त्या दिवशी घरी तिने स्वयंपाक केला, माझं ताट वाढलं आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून झोपली. मला वाटलं आता ती प्रयोगशाळेत येणार नाही. दुसऱ्या दिवशी साडेबाराला आली. आम्ही वेचलं. तिसऱ्या दिवशीही. ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती : तिकडं एक हाय, हा दगड उचल, पाणी ढवळू नको. गोळ्या बंद झाल्यावर चौथ्या दिवशी बाटलीत जेमतेम सहा-सात गोगलगायी आल्या, पाचव्या दिवशी काच सकाळी काचेसारखी दिसली. फुलाने एक झिंगा धरला, मग सोडून दिला. दुसऱ्या दिवशी धरला आणि सोडला नाही. मला उडी मारावीशी वाटली, पण शेजारी माय होती आणि तिच्यासमोर उडी मारायचा माझा हक्क संपला होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी मी शेवटचा दगड उलटला. खाली एकच तारामासा, सहा हातांचा. मी बरणीचं झाकण काढलं. मायने तो माझ्या हातातून घेतला, जॅमच्या बाटलीत टाकीतलंच पाणी भरलं, त्यात सोडला आणि बाटली खिडकीत सावलीला ठेवली.

"हा ठेवला," ती म्हणाली.

मी शास्त्राची बाई. एक ठेवला तर पुन्हा सगळे होतात, हे मला तिच्याहून चांगलं ठाऊक आहे. मी बरणीचं झाकण परत लावलं. बाटलीचं पाणी बदलायचं, तो टाकीत जाऊ द्यायचा नाही, फाटून दोन झाले तर एक काढायचा. माझं काम वाढलं, एवढंच. रूपराव पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी खरंच आले. रुमाल खिशातच राहिला. फूल अर्धंच उघडलं होतं, झडलेल्या दोन बोटांची जागा रिकामी होती. बराच वेळ वाकून पाहून ते म्हणाले की आपल्या वर्धा जिल्ह्यात हे एकच असन ना? मी म्हटलं, मला माहीत असलेलं एकच. दिवाळीपर्यंत राहू द्या, म्हणाले. मी आभार मानले आणि त्यांच्याकडेच शनिवारची अर्ध्या दिवसाची रजा मागितली. दर रविवारी मायला नदीवर न्यायचा शब्द होता, म्हणून आर्वीला शनिवारीच जायचं ठरवलं. अजून एक रविवार, अजून एक दिवाळी, असं मला आता करायचं नव्हतं.

दुपारच्या बसला गर्दी नव्हती. खिडकीतून दोन्ही बाजूंना कपाशी दिसत होती, रांगेत वाकलेल्या बायका, धुऱ्यावर कापडात गुंडाळलेलं कुणाचं तरी लेकरू. मी वाक्यं जुळवायला गेले आणि सोडून दिलं. मायने येताना काही दिलं नव्हतं, ना डबा, ना निरोप. एवढंच म्हणाली होती, संध्याकाळच्या गाडीनं वापस येजो. मी येणार, हे तिने धरलं होतं. आर्वीच्या स्टँडवर उतरले आणि डेपोमागच्या गल्लीत शिरले. प्रेमदासने मला लांबूनच पाहिलं. अंगात बनियन, हाताला ग्रीस, तसाच धावत बाहेर आला, शेजारच्याला ओरडून सांगितलं की प्रोफेसर आली मायी, खाटेवर धुतलेली चादर अंथरली, आणि बायकोला म्हणाला, ताई आली, पाणी आन. तो बत्तीस वर्षांचा झाला होता, कानाशी केस पांढरे. ती गडू घेऊन दारात आली आणि तिथेच थांबली. तो पाया पडायला वाकत होता. मी त्याचे दोन्ही खांदे धरून त्याला सरळ उभा केला. त्याने हसत माझ्या तोंडाकडे पाहिलं, धुऱ्यावर पाहायचा तसंच.

"पाणी नंतर घेते, प्रेमदास," मी म्हटलं. "आधी ऐक. त्या कागदावर तुझी मुलं मी तीन लिहिली होती."